अंगवात, सूची आणि चङ्कम : खांद्याच्या दुखण्याचा एक इतिहास

पालि वाङ्मयातील वैद्यकाविषयी अलीकडील काळात आपल्या बौद्ध बांधवांमध्ये मोठे कुतूहल निर्माण झाले आहे, ही समाधानाची बाब होय. या कुतूहलाबरोबर एक विधानही वारंवार कानी पडते. सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धती, म्हणजे ॲक्युपंक्चर, ही मूळची बुद्धकालीन भारताची विद्या असून भिक्खूंनी ती धम्माबरोबर चीनमध्ये नेली, असे ते विधान. आणि पुरावा म्हणून जीवक कोमारभच्चाचे नाव घेतले जाते. या विधानाची पालि व चिनी साधनांच्या आधारे तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र ही तपासणी मोघम राहू नये म्हणून एकच दुखणे समोर ठेवावयाचे आहे. ते म्हणजे खांदा व हात यांतील कंडरांची वेदना.

हेच दुखणे का निवडले, ते सांगितले पाहिजे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले असून फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ते महाराष्ट्रात ओळखले जाते. कागदाच्या नळ्या वळणे, सुतळी आवळून गुंडाळणे, वाती बसविणे, अशी एकच एक हालचाल दिवसभर करावी लागणारे हे काम. याच भागातून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. तेथे कोयता चालवावयाचा आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवावयाची. पहिल्या प्रकारच्या कामात मनगट, अंगठा आणि कोपर यांवर ताण पडतो, दुसऱ्या प्रकारात खांद्यावर. स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी तिला कंडरा म्हणतात. खांद्याच्या उखळीभोवती अशा चार स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन असते. झीज भरून निघण्यास वेळ न मिळता भार वाढत गेला की या दोऱ्या आतून विरतात. मग हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. ‘खांदा धरला’ एवढ्या दोन शब्दांत आपली माणसे हे सारे सांगतात. ग्रंथांतील वैद्यकाचा विचार करताना हा खांदा नजरेसमोर असला म्हणजे कोणता पुरावा कामाचा आणि कोणता नुसता मिरविण्याचा, हे लवकर कळते.

विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात या वर्गातील दुखण्याची नोंद स्पष्टपणे आलेली आहे. आयुष्मान पिलिन्दवच्छ यांना अंगवात झाला, म्हणजे हातापायांत वाताची वेदना सुरू झाली. भिक्खूंनी ही गोष्ट तथागतांना कळविली. तथागतांनी प्रथम साध्या शेकाची, सेदकम्माची, अनुज्ञा दिली. त्याने भागले नाही. मग सम्भारसेद, म्हणजे अनेक प्रकारच्या पाल्यांचा शेक. त्यानेही भागले नाही, तेव्हा महासेद. अट्ठकथेत महासेदाचा विधी दिला आहे : पुरुषभर खड्डा निखाऱ्यांनी भरावा, वर माती-वाळू पसरावी, तीवर पाला अंथरावा, आणि रुग्णाने अंगाला तेल लावून त्यावर कुशी बदलीत पडावे. पुढे भङ्गोदक, म्हणजे पाला उकळलेल्या पाण्याचा शिडकावा. आणि शेवटी उदककोट्ठक, म्हणजे ऊन पाण्याच्या टाकीत बसणे. त्यानंतर सांध्यांचा वात, पब्बवात, उद्भवला असता रक्त काढण्याची, आणि तेवढ्याने न भागल्यास शिंगाची तुंबडी लावून रक्त ओढण्याची परवानगी दिलेली आहे.

या प्रकरणातील औषधांपेक्षा त्यांचा क्रम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक पायरीनंतर ‘नक्खमनियो’ असा शेरा येतो, म्हणजे पुरेसा उतार पडला नाही. हा शेरा रुग्णाच्या सांगण्यावर उभा आहे. उपाय सौम्यापासून सुरू होतो, रुग्णाला विचारले जाते, आणि त्याच्या उत्तरावर पुढील पायरी ठरते. कोणताही उपाय पवित्र म्हणून चिकटून राहत नाही. शिवाय हे पिलिन्दवच्छ कोण, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उदानातील कथेनुसार ते सर्वांना ‘वसल’ म्हणून हाक मारीत. वसल म्हणजे नीच कुळातला. भिक्खूंनी तक्रार केली, तेव्हा अनेक जन्म ब्राह्मण कुळांत गेल्याने जिभेला लागलेली ती सवय आहे, मनात द्वेष नाही, असा खुलासा तथागतांनी केला. आपल्यासारख्या वाचकाला हा खुलासा वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते. परंतु विनयाच्या औषधप्रकरणात त्याचा मागमूस नाही. तेथे एक दुखणारे शरीर आहे आणि त्याची सोय पाहणारा संघ आहे.

वेदनेचे कारण काय, या प्रश्नाला संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात आणखी थेट उत्तर मिळते. मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृतामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले म्हणणे काय? तथागत हे मत नाकारतात. पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतुपालट, विसमपरिहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते मोजतात. कर्म हे आठांतील एक. सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणे हे प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकांत सत्य मानले गेलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावणे होय, असा या सुत्ताचा रोख आहे.

यातील ‘विसमपरिहार’ हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. शरीराची विषम रीतीने हाताळणी, असा त्याचा अर्थ. अट्ठकथाकार त्याचे स्पष्टीकरण करताना जी उदाहरणे देतात, त्यांतील पहिली दोन मोठे ओझे वाहणे आणि चुना कुटणे ही आहेत. पाचव्या शतकातील पंडिताने वेदनेच्या कारणांची यादी करताना हमालाचा आणि चुनेवाल्याचा खांदा डोळ्यांसमोर आणावा, ही साधी गोष्ट नव्हे. त्या काळातील विहार आणि स्तूप कुटलेल्या चुन्यानेच लिंपले जात होते. मोळी उचलणाऱ्या बाईला ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून सांगणारी माणसे आजही गावोगाव आहेत. तिचे दुखणे विसमपरिहारज आहे, श्रमातून आलेले आहे, असे पालि अट्ठकथा सांगते. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्ध आणि धम्मविषयक ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची जी चिकित्सा केली, तिच्यामागे अशा सुत्तांचे बळ उभे करता येते. हे काम आपल्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसे केलेले नाही, असे मला वाटते.

आता सुईकडे वळू. विनयात सूची अनेक ठिकाणी येते, पण ती चीवर शिवण्याची. सुईचे घर हाड, हस्तिदंत किंवा शिंग यांचे करू नये असा पाचित्तिय नियमच आहे. गळू कापण्यासाठी सत्थकम्माची, म्हणजे शस्त्रक्रियेची, अनुज्ञा भेसज्जक्खन्धकात आहे. वर सांगितल्याप्रमाणे रक्त काढण्याचीही आहे. अंगवाताच्या उपचारक्रमात मात्र सुईला स्थान नाही. जीवकाच्या चरित्रातही तसेच. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात त्याने केलेले उपचार सविस्तर वर्णिले आहेत. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीच्या मस्तकशूळावर नाकातून औषधी तूप, बिंबिसाराच्या भगंदरावर लेप, राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया, पज्जोत राजाच्या पंडुरोगावर पुन्हा तूप, आणि स्वतः तथागतांना औषध भावित केलेली कमळे हुंगावयास देऊन सौम्य विरेचन. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राला कोलांट्या मारताना आतड्याची गाठ बसली, तेव्हा पोट उघडून ती सोडविली. (अतिरेकी व्यायामाच्या दुष्परिणामाची ही जुनी नोंद म्हणावयास हरकत नाही.) या सर्वांत सुई टोचून वेदना शमविल्याचा प्रसंग एकही नाही.

मग जीवकाच्या हातात सुई आली कोठून? ती चिनी त्रिपिटकात आली. आम्रपाली आणि जीवक यांच्या अवदानाचे जे चिनी सूत्र आहे, त्यात जीवक जन्मतःच हातात सुया आणि औषधाची पिशवी घेऊन येतो. पुढे तो सुई आणि नाडी यांच्या ग्रंथांचे अध्ययन करतो. पालि परंपरेतील जीवक असा जन्मत नाही. सालवती गणिकेच्या दासीने सुपात घालून उकिरड्यावर टाकलेले ते मूल आहे. कावळ्यांनी वेढलेले पाहून राजपुत्र अभय विचारतो, जिवंत आहे काय? ‘जिवंत आहे’ या उत्तरावरून त्याचे नाव पडते. तक्खसिलेला सात वर्षे शिकून तो वैद्य होतो. एका कथेत दैवी चिन्हे घेऊन आलेला राजपुत्र, दुसऱ्या कथेत उकिरड्यावरून उचललेला आणि विद्येने मोठा झालेला मुलगा. आपल्याला कोणता जीवक जवळचा वाटावा, हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकन अभ्यासक पियर्स साल्गेरो यांनी २००९ साली या चिनी कथेचा परामर्श घेऊन असे दाखविले आहे की, परदेशी वैद्यराज चिनी वाचकाला ओळखीचा वाटावा म्हणून त्याला चिनी वैद्याची लक्षणे चढविण्यात आली. अर्थात ही कथा भारतीय विद्या चीनला गेल्याचा पुरावा ठरत नाही.

कालक्रमही हेच सांगतो. मावांगदुई येथील इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेली कबर १९७३ साली उघडली, तेव्हा तीत रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. शरीरातील वाहिन्यांची कल्पना त्यांत आहे, त्यांवर डाग देण्याचा उपचार आहे, सुई मात्र नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास आकारास आलेल्या ‘पीत सम्राटाच्या’ वैद्यकसंहितेत सुईशास्त्र विस्ताराने येते. धम्म चीनमध्ये पोहोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आणि अन् शि-काओ लोयांगला आले ते इ. स. १४८ मध्ये. भिक्खू पोहोचले तेव्हा सुई तेथे आधीच होती. सुश्रुतसंहितेतील अवबाहुक हा खांद्याचाच रोग आहे, हे खरे. परंतु शिरावेध म्हणजे रक्तमोक्षण, ॲक्युपंक्चर नव्हे. भारतातून चीनमध्ये एक सुई खरोखर गेली, ती डोळ्यांची. मोतीबिंदू सुईने बाजूला सारण्याची शस्त्रक्रिया बौद्ध भिक्खूंच्या मार्गाने तिकडे पोहोचली आणि वांग ताओ यांच्या इ. स. ७५२ च्या वैद्यकसंग्रहात तिचे वर्णन आले. हा आपला खरा वाटा आहे, आणि तो लहान नाही. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी रचलेला खोटा इतिहास सोसावा लागला, त्याने स्वतःसाठी असा इतिहास रचू नये.

खांद्यावरची सुई महाराष्ट्राच्या परिचयाची झाली ती उलट दिशेने, आणि त्या कथेचा एक धागा तेरखेड्यावरून जाणाऱ्या महामार्गाच्या दक्षिण टोकाला, सोलापूरला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०-१९४२) हे १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या वतीने सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदतीची मागणी केली होती. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोलकर, डॉ. कोटणीस, डॉ. बिजॉयकुमार बसू आणि डॉ. मुखर्जी अशी ती पाच नावे. कोटणीस आघाडीवर जखमींच्या शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले. ते शल्यचिकित्सक होते, सुई-उपचारक नव्हते. सुई भारतात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी. १९५८-५९ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात तिचा वापर त्यांनी सुरू केला. कोटणीस यांच्या नावाने पुढे जी स्मारक समिती उभी राहिली, तिच्या केंद्रांतून हा उपचार गोरगरिबांपर्यंत पोहोचविण्यात आला. चीनच्या राजदरबाराने १८२२ साली आपल्या वैद्यकसंस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केले होते, आणि तरीही खेड्यापाड्यांतील वैद्यांच्या हाती ते टिकून राहिले, हेही येथे नमूद करावयास हवे. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. केंद्र सरकारने २०१९ साली तिला मान्यता दिली.

मान्यता आणि गुण या भिन्न गोष्टी होत. जागतिक आरोग्य संघटनेने या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात खांद्याभोवतालचा दाह आणि कोपराचे दुखणे यांचा समावेश ॲक्युपंक्चरने गुण येणाऱ्या विकारांत केला. कॉक्रेन या संस्थेचा २००५ मधील आढावा अधिक सावध आहे. खांद्याच्या दुखण्यावरील नऊ चाचण्या पाहून तो म्हणतो की, थोड्या काळापुरता काही लाभ दिसतो, पण ठामपणे बाजूने वा विरुद्ध बोलण्याइतका पुरावा नाही. स्पेनमध्ये ४२५ रुग्णांवर झालेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आपल्या विषयाशी नेमकी जुळते. तीत सर्वांना व्यायामोपचार दिला आणि निम्म्यांना त्याजोडीला एकाच बिंदूवर सुई. हा बिंदू खांद्यावर नसून पायाच्या नडगीजवळ आहे, हे वाचून आश्चर्य वाटेल. सुई मिळालेल्या गटाची वेदना अधिक कमी झाली आणि वेदनाशामक गोळ्याही कमी लागल्या. इंग्लंडमधील ७०८ रुग्णांची २०२१ सालची चाचणी याहून महत्त्वाची मानावी लागेल. व्यायामतज्ज्ञाकडे सहा खेपांपर्यंत जाणारे रुग्ण, आणि एकदाच नीट सल्ला घेऊन घरी व्यायाम करणारे रुग्ण, यांच्यात वर्षभरात लक्षणीय फरक आढळला नाही. रोजंदारी बुडवून तालुक्याला खेपा घालू न शकणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली वार्ता नाही.

तेव्हा सुईचे स्थान सम्भारसेदासारखे समजावे : वेदना उतरवून हात हलविण्याइतपत सवड देणारी एक पायरी. ती नोंदणीकृत उपचारकाकडूनच आणि एकदाच वापरून टाकावयाच्या निर्जंतुक सुईनेच घ्यावी. खांद्याच्या माथ्यावर सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. कंडरा पूर्ववत करण्याचे मुख्य काम हालचालीचे आहे. कमरेत वाकून, निरोगी हात टेबलावर टेकून, दुखरा हात सैल लोंबकळत सोडावा आणि त्याची लहान लहान वर्तुळे काढावीत. बोटांनी भिंतीवर मुंगीच्या गतीने चढावे. कोपर काटकोनात ठेवून मनगटाने भिंत हलके दाबून धरावी, सोडावी. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटे. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या सकाळीही ते दुखणे वाढलेलेच राहिले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून कमी करावे. फरक पडण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पडल्यानंतर हात उचलताच न येणे, ताप व सूज, किंवा डाव्या खांद्याच्या कळेसोबत छातीत दडपण व घाम, असे असेल तर व्यायाम आणि सुई दोन्ही बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा. मधुमेह्यांचा खांदा अधिक सहज गोठतो. पूज्य बाबासाहेबांना या रोगाने किती छळले ते आपण जाणतो. आपल्या वस्त्यांत तो आता घरोघरी आहे.

पालि परंपरेत या हळुवार हालचालीची दोन सूत्रे आहेत. पहिले सतिपट्ठानातील समिञ्जित-पसारित, म्हणजे अवयव आखडताना व पसरताना सजग असणे. अट्ठकथाकार त्याचा व्यवहारही सांगतात : जो हातपाय फार वेळ आखडून किंवा ताणून ठेवतो, त्याला क्षणोक्षणी वेदना होते आणि चित्त एकाग्र होत नाही; जो वेळच्या वेळी आखडतो-पसरतो, त्याला ती होत नाही. तेथेच एका थेरांची गोष्ट येते. शिष्यांशी बोलता बोलता त्यांनी हात झटकन आखडला, मग तो पुन्हा पहिल्या जागी नेला आणि सावकाश आखडला. शिष्यांनी कारण विचारले, तेव्हा आजवर अशी असावध हालचाल आपल्याकडून झाली नव्हती, असे ते म्हणाले. खांद्याच्या व्यायामाची याहून चांगली शिकवण मला कोणत्याही पुस्तिकेत आढळली नाही.

दुसरे सूत्र चङ्कम. चुल्लवग्गात असे आले आहे की, वेसालीत मिष्टान्नाने भिक्खूंची शरीरे जड व रोगी झाली, तेव्हा जीवकाने तथागतांना विनंती करून चङ्कम आणि जन्ताघर, म्हणजे येरझाऱ्या व उष्णस्नानगृह, यांची अनुज्ञा मिळविली. अंगुत्तरनिकायात चङ्कमाचे पाच लाभ सांगितले असून अल्पाबाधता, म्हणजे आजार कमी होणे, हा त्यांतील एक. चालण्याने खांद्याची कंडरा सुधारते असे कोणी म्हणू नये. परंतु चुल्लवग्गातील पुढचा भाग वाचण्यासारखा आहे. चङ्कमाची जागा खाचखळग्यांची होती, भिक्खूंचे पाय दुखू लागले. सहन करा, असे त्यांना सांगितले गेले नाही. जागा सपाट करण्याची अनुज्ञा झाली. मग पाणी चढू लागले म्हणून जोते उंच केले, माणसे पडू लागली म्हणून कठडा आला, ऊन-थंडीचा त्रास झाला म्हणून वर छप्पर आले.

उसाची मोळी वाहणाऱ्यांच्या बाबतीत हीच दृष्टी लावली, तर पाहण्याच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मोळी किती जड बांधली जाते, फळीचा चढ किती उभा आहे, आणि दोन खेपांमध्ये हात खाली सोडून उभे राहावयास किती वेळ मिळतो. फटाक्याच्या कामावर बसणाऱ्या बाईच्या बाबतीत, कागद आणि सुतळी तिच्या खांद्याच्या खाली व हाताच्या टप्प्यात आहे की दर वेळी हात लांबवून घ्यावी लागते, आणि तासाभराने उठून चार पावले टाकली तर मजुरीतून कपात होते की नाही.